लाइट गेली की नेट का जातं?



"ताई, फायबरच्या तारेत करंट नसतो म्हणतात, मग लाइट गेली की नेट का जातं?" हा प्रश्न मला आता पाच-सहा गटांतून आलाय. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर माहीत नसेल तर गटाचा पैसा नको तिथे जातो, म्हणून आज त्यावरच बोलू.

तारेत करंट नसतो, हे खरंच. आत केसाएवढी बारीक काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो. तो लेसरचा उजेड असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तुटलेल्या तारेच्या टोकात डोकावू नका, पोरांनाही डोकावू देऊ नका. पण हा उजेड कुणीतरी सोडावा लागतो ना? एका टोकाला, कंपनीच्या खोलीत, त्याचं यंत्र असतं. दुसऱ्या टोकाला तुमच्या भिंतीवरची पेटी. ती आलेला उजेड ओळखते आणि आपलाही उजेड परत धाडते. या दोन्ही टोकांना वीज लागतेच. मधे खांबावर एक डबी असते, तिच्यात एका तारेचा उजेड आठ, सोळा, कधी बत्तीस घरांना वाटला जातो. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत जावं तसा. त्या डबीला मात्र वीज लागत नाही.

जुना तारेचा फोन आठवतोय? गाव अंधारात असलं तरी तो वाजायचा. कारण तांब्याच्या तारेतून एक्सचेंजचीच वीज यायची, आणि तिथे बॅटऱ्या असायच्या. काचेतून तशी वीज येत नाही. आपल्या पेटीची सोय आपणच करायची.

आता हे इतकं महत्त्वाचं का? आपल्या बँक सखीकडे वाडीवरून म्हातारी माणसं पेन्शन काढायला येतात. अंगठा लावला आणि तेवढ्यात लाइट गेली, तर पैसे खात्यातून गेले की नाही तेच कळत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा अंगठा लावू नका. नेट आलं की आधी खात्यातली शिल्लक तपासा.

सोय फार महाग नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीची पिन त्याच्या बोर्डावर लावा, संपलं काम. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण हजार-दीड हजारात. दोन-तीन तास निघतात. घेताना पेटीचा ॲडॅप्टर सोबत न्या. त्यावर बहुधा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. यूपीएसवरही तेवढेच व्होल्ट हवेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. काही ठिकाणी फायबरची पेटी वेगळी आणि वायफायची वेगळी असते. मग दोन्हींना बॅकअप हवा. एकीला दिला आणि दुसरी बंद, तर उपयोग शून्य!

काही घरांत बिलाच्या भीतीने पेटी सारखी बंद करतात. बारा वॉटची पेटी चोवीस तास चालली तरी पाव युनिटच्या थोडं वर जातं. महिन्याला आठ-नऊ युनिट. हिशेब तुम्हीच करा.

पेटीला बॅकअप आहे, तरी नेट नाही? मग पेटीवरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा पाहा. तो लाल असेल तर उजेड आपल्यापर्यंत पोहोचत नाही. एकतर तार तुटली किंवा जास्त वाकली, नाहीतर पलीकडचं यंत्रच बंद आहे. शेजारणीकडेही लाल असेल तर दोष बहुतेक पुढे आहे, तुमच्या घरात नाही. तक्रार करताना हे सांगा, म्हणजे उगाच "पेटी बदला" म्हणून पैसे मागता येणार नाहीत. आणि हो, या तारेवर धुणं वाळत घालू नका, खिळ्याला गुंडाळू नका. तुटली तर पीळ देऊन जोडता येत नाही, बहुधा मशीनने काच वितळवून जोडावी लागते.

पंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. तुमची जोडणी पंचायतीच्या यंत्रावरून आली असेल तर एक गोष्ट जरूर बघा. संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लावताना कुणी मेन स्विच बंद करतं का? तिथली बॅटरी चालू आहे का? महिला ग्रामसभेत हे विचारायला काहीच हरकत नाही.

नवीन जोडणी घेणाऱ्या गटांनी सही करण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. लाइट गेल्यावर तुमच्या खोलीतलं यंत्र किती तास चालतं, आणि तार तुटली तर किती दिवसांत जोडून देणार. पहिल्याचं उत्तर "एक तास" असेल, तर आपण तीन तासांचा यूपीएस घेऊन काय करणार? अशा गावात बँक सखीच्या मोबाइलमध्ये डेटाचा रिचार्ज कायम ठेवा. टॉवरला बहुतेक ठिकाणी स्वतःची बॅटरी असते, तेवढ्यावर त्या दिवशीची पेन्शन वाटून होते.