विणतो नर, निवडते मादी



पुणे जिल्ह्यात वेल्ह्याकडे जाताना विंझर गाव लागतं.
पावसाळ्यात इथली भातखाचरं हिरवी होतात.
अशा भातशेतीच्या आसऱ्याने राहणारा एक पक्षी म्हणजे सुगरण.

नाव बाईचं, पण घरटं विणतो नर!
डोक्यावर पिवळी टोपी. चोचीत गवताची चिरी.
पात्याला तो एक खाच पाडतो… टोक पकडतो… आणि उडता उडता लांब पट्टी सोलून काढतो.
अशा शेकडो पट्ट्या!

घरटं अर्धं झालं की तो थांबतो. पंख फडफडवतो. माद्यांना बोलावतो.
मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडलं, तरच पुढचं काम.
मग नर खाली लोंबणारी नळी विणतो.
नापसंत घरटं तसंच अर्धवट लटकत राहतं.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला हे सारं बारकाईने पाहिलं.
एका मादीचं घर पुरं झालं, की नर दुसरं विणायला घेतो, हेही त्यांना तिथेच उमगलं.

तेव्हा लक्षात ठेवा: विणतो नर, निवडते मादी.

बांधावर जरा लांबच उभे राहा, श्रोतेहो.
अर्धी घरटी आधी शोधा. पंखांची फडफड तिथेच दिसेल.