जीनोमचा नकाशा, सर्वांसाठी खुला



आपल्या पेशींमध्ये डीएनए असतो.
चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला.
ही अक्षरं सुमारे ३०० कोटी.
या सगळ्या अक्षरांचा संच म्हणजे जीनोम.

आणि ती कुणालाही फुकट पाहता येतात.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझ नावाचं शहर आहे.
तिथल्या विद्यापीठात ही अक्षरं दाखवणारी ‘जीनोम ब्राउझर’ ही वेबसाइट चालते.

२००० साली मानवी जीनोमचे असंख्य तुकडे हाती होते.
ते जोडायचे कसे?

जिम केंट हा तिथला विद्यार्थी.
त्यानं महिनाभरात जोडणीचा प्रोग्रॅम लिहिला.
टाइप करून मनगटं दुखायची.
मग तो बर्फ लावायचा, आणि पुन्हा कामाला बसायचा.

७ जुलै २००० रोजी जोडलेल्या जीनोमचा मसुदा इंटरनेटवर आला.
सर्वांसाठी, फुकट.

पण मसुद्यात मोकळ्या जागा होत्या.
त्या भरत भरत २०२२ साल उजाडलं.
तेव्हा जवळपास संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला.
तोही आज या ब्राउझरवर आहे.

इथं नवी माहिती सहसा थेट लोकांसमोर येत नाही.
आधी ती चाचणीच्या सर्व्हरवर जाते.
तपासणारी मंडळी ती बारकाईनं पाहतात.
चूक दिसली, की दुरुस्तीला परत.
सगळं जुळलं, तरच सर्वांसमोर.

याचा उपयोग काय?

समजा, रुग्णाच्या डीएनएत एक अक्षर बदललेलं आढळलं.
संशोधक ती जागा ब्राउझरवर शोधतात.
तिथं कोणतं जनुक आहे?
उंदरात, माकडात तेच अक्षर आहे का?
उत्तर एकाच पडद्यावर मिळतं.

लक्षात ठेवा, श्रोतेहो,
हा नकाशा पाहायला पैसे पडत नाहीत.
जीवशास्त्र शिकणारं कुणी घरात असेल,
तर त्यांना जरूर सांगा.