रणांगणावरील इमान

सैन्यांतील शिपाई देशासाठीं लढतो, मानासाठीं लढतो, पगारासाठींहि लढतो. सैन्यांतील कुत्र्याला यांपैकीं एकहि गोष्ट ठाऊक नसते. शत्रु कोण, सीमा कोठें, युद्ध कशासाठीं, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. तरीहि तो तोफांच्या भडिमारांतून धांवत जातो. तें कोणत्या बळावर, हें जाणून घेण्याजोगें आहे. कारण त्या उत्तरांतूनच माणसाच्या शिरावर एक ऋण येऊन बसतें.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील आघाडीवर निरोप पोंचविणें हेंच एक संकट होऊन बसलें होतें. गोळ्यांच्या वर्षावानें टेलिफोनच्या तारा तुटत आणि निरोप घेऊन निघालेले शिपाई वाटेंतच पडत. अशा वेळीं एडविन रिचर्डसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानें शिकविलेले ‘वुल्फ’ व ‘प्रिन्स’ नांवाचे दोन एअरडेल कुत्रे १९१६ च्या अखेरीस तोफखान्याकडे पाठविण्यांत आले. त्यांनीं आपली कामगिरी इतकी चोख बजावली कीं, १९१७ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेस येथें युद्धश्वानांची खास शाळा निघाली व ती रिचर्डसनच्याच हवालीं करण्यांत आली.

या शाळेचे पहिले विद्यार्थी बव्हंशीं लंडनमधील बॅटरसी व इतर शहरांतील बेवारशी कुत्र्यांच्या आश्रमांतून आले. पुढें मागणी वाढली, तेव्हां सरकारनें लोकांनाच आवाहन केलें. ज्या घरांतील पति-पुत्र आधींच आघाडीवर गेले होते, अशाहि कित्येक घरांनीं आपला कुत्रा देऊन टाकला. कुळाचा अभिमान तेथें चालत नसे. एअरडेल, कोली, लर्चर यांच्या पंक्तीस मिश्र जातीचे कुत्रेहि बसत. मात्र शेपूट पाठीवर वळवून ऐटीनें मिरवणारा कुत्रा या कामीं सहसा उपयोगी पडत नाहीं, असा रिचर्डसनचा अनुभव होता.

शिकविण्याची पद्धति साधी होती. एका शिपायाकडे तीन कुत्रे सोंपवीत. त्यांना खाऊं घालणें, फिरविणें, गोंजारणें हें सारें त्यानेंच करावयाचें; इतरांनीं त्यांचे लाड करावयाचे नाहींत. मग दुसऱ्या कोणाबरोबर त्या कुत्र्यांना थोड्या अंतरावर न्यावयाचें व मोकळें सोडावयाचें. ते आपल्या माणसाकडे धांवत येत. अंतर हळूहळू वाढविलें जाई. वाटेंत कांटेरी तारा, पाण्याचे चर व धुराचे लोट येत. भोंवतीं बंदुकांचे बार होत. आघाडीवरहि क्रम हाच. पालक शिपाई मागें ठाण्यावर राही; कुत्र्याला पुढच्या खंदकांत नेत. गळ्यांतील डबींत कागद घालून त्याला सोडलें, कीं तो थेट माघारीं निघे. निरोप पोंचविणें ही लष्कराची भाषा झाली. कुत्रा केवळ आपल्या माणसाकडे परत जात असे.

म्हणूनच या शाळेंत माराला जागा नव्हती. वाट चुकलेल्या कुत्र्याला परत नेऊन तोच धडा पुन्हां शिकवीत. कारण उघड आहे. मार खाल्लेला कुत्रा परत येण्यासच भिऊं लागतो, आणि सारी मदार तर त्याच्या परत येण्यावर होती. दया ही तेथें केवळ दया नव्हती. ती विद्येचा पायाच होती.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनेंहि हाच मार्ग धरला. १९४२ पासून तेथील गृहस्थांनीं आपले पाळीव कुत्रे सैन्यास दिले, आणि दहा हजारांहून अधिक कुत्रे शिकून तयार झाले. १९४५ सालीं युद्ध संपल्यावर एक वेगळेंच शिक्षण सुरू झालें. पहारा व हल्ला यांसाठीं तयार केलेल्या कुत्र्यांना पुन्हां घरांत, मुलांमाणसांत, निर्धास्त वावरावयास शिकविण्यांत आलें, आणि मगच त्यांना घरीं पाठविण्यांत आलें. सिसिलींत नांव कमावलेला ‘चिप्स’ नामक कुत्राहि असाच आपल्या कुटुंबांत परतला.

परंतु व्हिएतनामच्या युद्धांत हें शहाणपण टिकलें नाहीं. तेव्हांचे कुत्रे घरोघरून उसने आणलेले नव्हते. ते सरकारी मालमत्ता होते, आणि दप्तरांत त्यांची गणना सामानांत होई. सुमारें चार हजार कुत्रे त्या युद्धांत राबले. अमेरिकेस परतले ते जेमतेम दोनशें. उरलेल्यांपैकीं कांहीं रणांत पडले, कांहीं रोगानें गेले, कांहीं दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याकडे सोंपविण्यांत आले, तर कित्येकांना औषध देऊन मारण्यांत आलें. ज्या शिपायांचे प्राण त्यांनीं सुरुंगांपासून व दबा धरून बसलेल्या शत्रूपासून वांचविले होते, त्यांना आपला सोबती मागें टाकून विमानांत बसावें लागलें. त्यांतील अनेकांनीं हें शल्य जन्मभर वागविलें. सेवानिवृत्त कुत्रा त्याच्या पालकाला वा इतर योग्य माणसाला घरीं नेतां यावा, असा कायदा अमेरिकेंत झाला तो २००० सालीं. म्हणजे त्या युद्धाच्या समाप्तीनंतर पंचवीस वर्षांनीं.

कुत्र्याला शिकविणारा त्याच्याशीं एक अबोल करार करीत असतो. तूं ये, मी येथें आहें, एवढाच तो करार. कुत्रा आपली बाजू गोळीबारांतहि पाळतो. युद्ध संपल्यावर माणसानें आपली बाजू पाळली कीं नाहीं, हें मात्र त्याला विचारतां येत नाहीं. तें माणसालाच विचारावें लागतें.