आदिवासी जमातींतील उच्चनीच भाव आणि आपले कर्तव्य



‘आदिवासी’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे एकच समाज उभा राहतो. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तर कोकणात वारली, कोकणा, ठाकूर, मल्हार कोळी, कातकरी या जमाती शेजारी शेजारी राहतात. परंतु त्यांचे रोटीबेटीचे व्यवहार बहुधा आपापल्या जमातीपुरतेच असतात. ठाकुरांत ‘क’ आणि ‘म’ असे भेद आहेत. कातकऱ्यांतही सोन कातकरी व ढोर कातकरी असे दोन विभाग पडले आणि गोमांस खाण्याच्या चालीवरून एकाने दुसऱ्यास हलके मानले. ही विषारी शिकवण कोठून आली, हे तुम्हांस सांगावयास नको. खैरापासून कात काढणारा तो कातकरी. आज तो बहुतांशी भूमिहीन आहे, पावसाळा सरताच कुटुंबासह वीटभट्टीवर जातो. आणि त्याला कमी लेखणाऱ्यांत शेजारचे आदिवासीही असतात.

वेगळेपण हा दोष नव्हे. प्रत्येक जमातीने आपली बोली, आपली कला अवश्य जतन करावी. परंतु ‘मी कातकरी नव्हे’ एवढ्यावरच ज्याचा अभिमान उभा आहे, त्याने स्वतःस ओळखलेलेच नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकास तुच्छ लेखावयास खाली कोणीतरी मिळतो, म्हणून वरच्याविरुद्ध सारे एक होत नाहीत. हेच तिचे बळ आहे.

आता कायद्याकडे पाहू. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदानुसार या जमाती एका यादीत आल्या. पण यादीने मने जुळत नाहीत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अपराधी हा अनुसूचित जाती वा जमातीचा नसावा लागतो. म्हणून एका जमातीच्या माणसाने कातकऱ्यास जातीवाचक बोलून अपमानित केले, तर त्या कायद्याचा आधार मिळत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे उदाहरण घ्या. वनहक्क समितीत किमान दोन तृतीयांश सभासद अनुसूचित जमातींचे असावेत, असा नियम आहे. ते सर्व एकाच जमातीचे असले तरी नियम पाळला गेला असेच ठरते! महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल गणल्या आहेत आणि अशा जमातींच्या अधिवासाचा हक्क त्या कायद्याने मान्य केला आहे. परंतु दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. तेथे कातकरी वाडीस बोलावणेच गेले नाही, किंवा दावे भरण्याच्या वेळी वाडी भट्टीवर असली, तर तो हक्क कागदावरच राहणार.

अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. आदिवासी बंधू धम्मात आला, तर केवळ त्या कारणाने त्याचे जमातीचे स्थान जात नाही. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना मात्र त्यासाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. तेव्हा धर्मांतराने सवलती जातील, ही त्यास घातली जाणारी भीती आपण दूर केली पाहिजे.

पण त्याच्या दारी जाण्यापूर्वी आपले घर तपासा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण समतेची प्रतिज्ञा घेतली. तरीही सोयरीक जमविताना साडेबारा पोटजातींची चौकशी होते की नाही? जो आपली पोटजात विसरला नाही, त्याने वारल्यास कोणत्या तोंडाने सांगावे, की कातकऱ्यास पंक्तीस घे?

वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे, की गवत, कीटक, पशुपक्षी यांत जन्मतः भिन्न लक्षणे दिसतात. माणसामाणसांत तशी दिसत नाहीत. हे वचन विहारात ऐकून तेथेच ठेवावयाचे नाही. आपल्यातील वकिलांनी व शिक्षकांनी वाडीवर जावे, लोक भट्टीवर निघण्यापूर्वी दावे भरून घ्यावेत, समितीत कातकरी सभासद आहे की नाही हे विचारावे, आणि त्यांच्याच घरी बसून भाकरी खावी. कायद्याने जे साधत नाही, त्याची सुरुवात त्या भाकरीपासून होईल.

जय भीम!