जुना संगणक, नवा प्रोसेसर?

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा गाडी कितीही दमदार असली तरी गर्दीच्या चालीनंच चालते. सातबारा काढणाऱ्या संगणकाचंही तसंच. उतारा उघडायला वेळ लागतो तो बहुधा इंटरनेट किंवा सर्व्हरमुळे. तिथं नवा प्रोसेसर काय करणार?

मशीन सुरू होईपर्यंत चहा संपत असेल, तर आधी हार्ड डिस्क पाहा. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट वाचते, साधी एसएसडी ५०० च्या आसपास. त्यात रॅम ४ जीबीची ८ केली, की जुनं यंत्रही ताजंतवानं वाटतं.

खरी मेख मदरबोर्डात आहे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या बोर्डाला आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. सॉकेटचं नाव मात्र तेच! म्हणजे बोर्ड बदला, कधी रॅमही बदला. एएमडीवाले सुदैवी. एएम४ सॉकेटच्या २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर बायॉस अद्ययावत केलं, की २०२२ चा प्रोसेसरही बसतो.

लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याला जास्त कोअरचा प्रोसेसर फायद्याचा. त्याचे तास वाचतात. बाकीच्यांना घाई लावली ती विंडोजनं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. तुमचा संगणक त्याआधीचा असेल, तर नुसत्या प्रोसेसरवर खर्च करण्याआधी अख्ख्या मशीनचा भाव विचारा.