सोरायसिस: ‘मुळापासून बरा’ करण्याच्या नादात

आजच्या भागात पाहुणा कुणी नाही. आज मीच बोलणार आहे, आणि तेही माझ्याच कातडीबद्दल. मला सहा वर्षांपासून सोरायसिस आहे.

सुरुवात डोक्यातल्या कोंड्याने झाली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. मग कोपरांवर, गुडघ्यांवर लालसर जाड चट्टे आले, वर चंदेरी पापुद्रे. साताऱ्यात नेहमीच्या सलूनमध्ये गेलो, तर दादाने कंगवा खाली ठेवला. म्हणाला, “हे बरं झालं की ये.” मला राग आला, पण घरी तरी वेगळं काय होतं? आईने काही न बोलता माझा टॉवेल वेगळा केला होता.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. सोरायसिस लागत नाही. हात लावल्याने नाही, टॉवेलने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. हा जंतूंचा आजार नाहीच. आपल्याच प्रतिकारशक्तीकडून चुकीचा सिग्नल जातो आणि कातडीच्या पेशी घाईघाईने तयार होतात. एरवी नवी पेशी वरपर्यंत यायला साधारण महिना लागतो, इथे ते काम तीन-चार दिवसांत उरकतं. जुनी पडायच्या आत नवी हजर, म्हणून थर साचतो. तो मळ नाही, कितीही घासला तरी जात नाही. उलट घासून जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

आपल्याकडे चट्टा दिसला की लोकांच्या मनात कुष्ठरोग येतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा स्पर्श कमी कळतो, इथे स्पर्श कळतो आणि खाजही सुटते. अर्थात नक्की काय आहे ते डॉक्टरच सांगतील. आणि कुष्ठरोगसुद्धा आज औषधांनी पूर्ण बरा होतो, त्यामुळे लपवण्यासारखं तिकडेही काही नाही.

आता माझी चूक. सांगलीच्या मामांनी हळदीचा लेप सांगितला. सांगली म्हणजे हळदीची पेठ, तेव्हा हे होणारच होतं! कातडी पिवळी झाली, चट्टे तिथेच. मग कुणीतरी एका माणसाचा पत्ता दिला. तो पुड्या द्यायचा. नाव नाही, लेबल नाही, फक्त “मुळापासून बरा होईल” ही खात्री. दहा दिवसांत अंग साफ! आईने मोती चौकातून कंदी पेढे आणले.

तीन महिन्यांनी पुड्या संपल्या. मी मामांकडे लग्नाला गेलो होतो. दोन आठवड्यांत सगळं अंग लाल झालं, हुडहुडी भरली, सकाळी चादर झटकली की पापुद्र्यांचा सडा. मामांनी गाडीत घालून थेट मिरजेला नेलं. १८९४ साली वानलेस यांनी तिथे रुग्णालय उघडलं, तेव्हापासून आमच्या भागात मोठं दुखणं आलं की गाडी मिरजेकडेच वळते.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पुडीत काय होतं?” मला सांगता येईना. त्यांना स्टेरॉइडचा संशय होता. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड घेतलं आणि अचानक थांबवलं, तर आजार दुपटीने उसळू शकतो. सगळं अंग लाल झालं की शरीरातलं पाणी आणि ऊब निघून जाते. ही इमर्जन्सी असते.

बरं वाटल्यावर ते म्हणाले, “हा बीपी, शुगरसारखा आहे. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो.” आई लगेच म्हणाली, “मग याचं लग्न?” डॉक्टर म्हणाले, घरात असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. आणि बायकोला तर लागतच नाही.

ताब्यात कसा ठेवायचा? चट्टे थोडे असतील तर मलम आणि रोज मॉइश्चरायझर. स्टेरॉइडचं मलम वाईट नाही. ते किती, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने किंवा मित्राने नाही. चट्टे जास्त असतील तर ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उपचार असतात. त्यापुढे मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या, आणि मग महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं.

मेथोट्रेक्सेटचा एक किस्सा. तिच्या आधीचं अमिनोप्टेरिन हे औषध १९५१ साली संधिवाताच्या रुग्णांना देऊन बघत होते, तेव्हा सोरायसिसचे चट्टेही गेलेले दिसले. ही औषधं ज्या प्रयोगशाळेतून आली, तिथले संशोधनप्रमुख होते आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पण ध्यानात ठेवा, सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी फोनवर सोमवारचा अलार्म लावलाय. सोबत रक्ततपासणी ठरल्या वेळी, दारू बंद, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

मी इंजिनिअर, त्यामुळे लॉग ठेवतो. दर रविवारी त्याच खिडकीशी फोटो, आणि चट्टे किती तळहातांएवढे ते मोजतो. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. सहा महिन्यांत माझा पॅटर्न दिसला: घसा धरला की, रिलीजच्या आठवड्यात जागरण झालं की, आणि साताऱ्याच्या कोरड्या थंडीत चट्टे वाढतात. तुमचा पॅटर्न वेगळा असेल. सिगारेटनेही वाढतो. आणि सकाळी उठल्यावर बोटं, टाच किंवा कंबर आखडत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. सोरायसिस सांध्यांतही जातो, आणि सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही.

माझे आता दोन तळहात उरलेत. कधी चार होतात, कधी अर्धा. टॉवेल परत सगळ्यांच्या दोरीवर आलाय.

आत्ता कुणी अशी बिननावाची पुडी घेत असेल, तर हे ऐकून आज रात्री एकदम बंदही करू नका. पुडी खिशात घाला आणि उद्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मी ती दाखवायला दोन आठवडे उशीर केला होता.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.