रस्त्याची सुरक्षितता मोजावी कशी?

श्रोतेहो, गावाकडचा माणूस मुंबईला गेला आणि दादरच्या रस्त्याकडेला उभा राहिला, की त्याला धडकी भरते. सोबतचा परळकर मात्र म्हणतो, "चला हो, काही होत नाही!" दोघांत खरं कोणाचं? ते ठरवायला माप हवं.

पीक कसं आलं हे आपण एकरी उताऱ्यावरून सांगतो. अपघातांचाही असा उतारा काढतात. पण भागायचं कशानं, इथंच मेख आहे. 1970 साली भारतात रस्त्यांवर सुमारे 14,500 माणसं दगावली. वाहनं होती 14 लाख. म्हणजे दर 10,000 वाहनांमागे शंभरावर मृत्यू. 2019 साली मृत्यू झाले 1,51,113 आणि वाहनं होती 30 कोटींच्या घरात. म्हणजे 10,000 वाहनांमागे अवघे पाच. केवढी सुधारणा, असं वाटेल! आता तेच आकडे लोकसंख्येनं भागून पाहा. 1970 साली लाख माणसांमागे तीनहून कमी, 2019 साली अकराच्या वर. वाहनं भरमसाट वाढली म्हणून पहिला आकडा उतरला, एवढंच.

लालबाग-परळला गिरणीचा भोंगा होई, तेव्हा कामगारांचे लोंढे पायीच निघत. त्यांचा धोका मोटारींच्या संख्येवरून कसा कळावा? गिरण्या गेल्या, पण दादर स्टेशनाबाहेर आजही पायी चालणाऱ्यांचीच दाटी असते. तेव्हा रस्ता ओलांडणारी माणसंही मोजली पाहिजेत. गिरगावातल्या आजींनी भीतीनं रस्ता ओलांडणंच सोडलं, तर अपघात कमी दिसतील. रस्ता मात्र होता तसाच राहील.

आणखी एक गोष्ट. जखमी माणूस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात वीस दिवसांनी दगावला, तरी तो अपघाताचाच बळी. 30 दिवसांपर्यंतचे मृत्यू धरावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पोलिसांची नोंद आणि रुग्णालयाची नोंद जुळली नाही, तर असा माणूस हिशेबातून निसटतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा हिशेब आपल्या शाळेपुढच्या रस्त्यावरही करता येईल, बरं का! शाळा सुटताना मुलांना आवारातच बसवून अर्धा तास मोजायला सांगा: वाहनं किती, पायी ओलांडणारे किती आणि थोडक्यात बचावलेले किती. चार आठवड्यांची ही वही ग्रामसभेपुढे ठेवा. गतिरोधक कुठे हवा, हे ठरवायला मग कुणाचा जीव जाण्याची वाट पाहावी लागणार नाही.